शहागंजच्या ताईंची चिठ्ठी

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत एक हॉल होता. त्याला सगळे पत्र्याचा हॉल म्हणायचे. खरं नाव दारावरच्या फरशीवर कोरलेलं होतं, पण त्या फरशीवर जाहिरातींचे इतके कागद चिकटवले गेले की ते नाव वाचल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. आता तिथं दुकानांची चार मजली इमारत उभी राहतेय. मी बाजारात गेले की वाकडी वाट करून दुसऱ्या गल्लीनं जाते. गुडघे दुखतात, तरी जाते.

मुळात ते कापसाचं गोदाम. निजामाच्या काळात तिथं गाठी रचून ठेवायचे. कापूस गेला आणि कुणाच्या तरी डोक्यात आलं की एवढी लांबरुंद जागा रिकामी ठेवण्यापेक्षा एका टोकाला स्टेज बांधावं. मग तिथं संगीत बारीच्या बायका नाचल्या, कव्वालीचे सामने झाले, पुण्या-मुंबईची नाटकं आली आणि पावसाळ्यात पत्र्यावरच्या आवाजानं संवाद ऐकू येईनात म्हणून परत गेली. बारीवाल्या बायकांच्या पायांनी स्टेजच्या फळ्या आरशासारख्या झाल्या होत्या असं म्हातारी माणसं सांगायची. मी त्या फळ्यांवर चार वर्षं उभी राहिले. त्या खडबडीत होत्या, दोनदा माझ्या टाचेत कुसळ गेलं. पण आमच्या गावात गोष्ट चांगली असली की तिला कुणी पुरावा मागत नाही.

अशीच दुसरी गोष्ट रांजणांची. हॉलमध्ये आवाज फार छान घुमायचा. माइक बंद पडला तरी शेवटच्या बाकापर्यंत जायचा. पडदा ओढणारे एक चाचा होते, पांढऱ्या दाढीचे, सगळ्यांवर खेकसणारे. ते म्हणायचे, स्टेजखाली सात रांजण पुरलेत. कुणी फार मिजाशीत आलं की त्याला सुनवायचे, "नीचे सात रांजनां हैं, मियाँ. गाते वो. तुमे लोगां खाली मुँह हिलाते." ते रांजण कुणी पाहिले नव्हते. पण स्टेजवर चढण्याआधी प्रत्येक गाणारा वाकून फळीला हात लावायचा आणि तो हात कपाळाला न्यायचा. माझा भाऊही लावायचा.

आमच्या वेळेला हॉलवर ऑर्केस्ट्राचं राज्य होतं. ऑर्केस्ट्रा म्हणजे सिनेमातली गाणी वाद्यांच्या साथीनं हुबेहूब म्हणून दाखवणारी मंडळी, हे आता नव्या पोरांना समजावून सांगावं लागतं. आमच्या मंडळात आठ वाजवणारे, तीन गाणारे आणि एक मास्तर. मास्तर अकॉर्डियन वाजवायचे आणि सगळ्यांना वाजवून घ्यायचे. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, तीन गाणाऱ्यांपैकी एक. त्याच्याकडे एक चीज होती जी मराठवाड्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हती, निदान आम्ही तरी तसं छातीठोकपणे सांगायचो. तो बाईच्या आवाजात गायचा. नाकातून काढलेला, चिरका, हसं करून घेणारा तो आवाज नव्हता. डोळे मिटून ऐकलं तर समोर कुणी पंचविशीची शहाणी, जराशी दुखावलेली बाई गातेय असं वाटायचं. आणि कार्यक्रमाच्या शेवटी तो युगुलगीत म्हणायचा, एकटाच. उजवीकडे मान वळवली की पुरुष, डावीकडे वळवली की बाई. शेवटच्या कडव्यात दोघांच्या ओळी इतक्या जवळ यायच्या की मान वळवायलाही वेळ नसायचा. तेव्हा तो समोर सरळ पाहत दोन्ही आवाजांत गायचा, आणि लोक बाकावर उभे राहायचे.

वडिलांना ते मुळीच आवडायचं नाही. आम्ही फुलंब्रीकडचे, गावात जमीनजुमला असलेले. वडील नोकरीपायी शहरात आले. गावाकडून कुणी आलं की हटकून विचारायचं, "पोरगं बाईवानी गातं म्हणं?" वडील ताटावरून उठायचे. पुढं मंडळातला निवेदक मुंबईला गेला आणि मास्तरांनी माझं कॉलेजातलं वक्तृत्व ऐकून मला विचारलं, तेव्हा घरात आठ दिवस कुणी धड जेवलं नाही. शेवटी आईनं तोड काढली. भावावर नजर ठेवायला बहीण आणि बहिणीच्या सोबतीला भाऊ. अशी तिनं आमची मोट बांधली. मी बावीस वर्षांची होते आणि उचलली जीभ लावली टाळ्याला हा माझा स्वभाव. माइक हातात आला आणि मला वाटलं, मी याच्यासाठीच जन्माला आलेय.

निवेदकाच्या हातात एक मोठी गोष्ट असायची, फर्माईशीच्या चिठ्ठ्या. प्रेक्षक चिठ्ठीवर गाणं लिहून पुढं पाठवायचे आणि निवेदक ती वाचून दाखवायचा: अमक्या गल्लीतून तमक्यांची फर्माईश. पण आपल्याकडची माणसं सुरुवातीला लाजतात. पहिली चिठ्ठी पाठवायला कुणी धजत नाही, आणि पहिली आली की मग आवरता आवरत नाहीत. म्हणून मास्तरांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं की दहा-बारा चिठ्ठ्या घरूनच लिहून आणायच्या. मी त्यात लवकरच तरबेज झाले. एक चिठ्ठी वहीच्या कागदावर, एक कॅलेंडरच्या पाठीवर, एक सिगारेटच्या पाकिटाच्या चांदीवर. एक डाव्या हातानं लिहायची, एकीत मुद्दाम चूक करायची. शहागंजचे तांबोळी, सिडकोतल्या नवविवाहिता, वेरूळहून खास आलेली मित्रमंडळी, असे कितीतरी श्रोते मी घरी बसून जन्माला घातले. मास्तरांची अट एकच होती. चिठ्ठी खरी की खोटी हे गाणाऱ्याला कळू द्यायचं नाही. आपल्याला कुणी मागतंय असं वाटलं नाही तर गळ्यात जीव उतरत नाही, असं ते म्हणायचे. मी दादालाही कधी सांगितलं नाही. घरी एका दिव्याखाली तो वहीत गाणी उतरवायचा आणि मी स्वयंपाकघरात त्याच्याकडे पाठ करून त्याचे चाहते तयार करायचे.

माझ्या चौथ्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाला, दादाचा गळा धरायला लागला. सकाळी बोलताना आवाज फाटायचा. आईनं हळद-दूध, ज्येष्ठमध, सगळं केलं. शेवटी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं की आवाजाच्या पडद्यावर गाठ धरतेय. दोन महिने गाणं बंद, बोलणंही कमी. आणि तो वरचा आवाज, बाईचा, तो तर काढायचाच नाही. दादा म्हणाला, एक कार्यक्रम कबूल केलेला आहे, तेवढा झाला की तोंडाला कुलूप. घरी येताना त्याच्याकडून मी वचन घेतलं आणि त्यानं माझ्याकडून घेतलं. त्यानं खालच्या पट्टीतली दोनच गाणी म्हणायची. ती झाली की माइकच्या दांड्याला रुमाल बांधायचा. रुमाल दिसला की त्याच्या नावाची एकही चिठ्ठी मी वाचायची नाही. कुणी कितीही आग्रह केला तरी ती माझ्या मुठीत राहील असं मी त्याला सांगितलं.

तो कार्यक्रम खास बायकांसाठी होता, रविवारी दुपारी तीनचा. तसे खेळ तेव्हा व्हायचे. घरची जेवणं आटोपून बायका यायच्या, कडेवर पोरं, पिशवीत मुरमुऱ्यांचा चिवडा. हॉल पाऊण भरला होता. दादानं त्याची दोन गाणी म्हटली, चांगली म्हटली, आणि दांड्याला निळा रुमाल बांधून मागं खुर्चीवर जाऊन बसला. मग मंडळातल्या गायिकेचं गाणं चालू असताना दारातून कुणीतरी आत येऊन एका बाईच्या कानाशी लागलं. ती उठली. तिच्या शेजारची उठली. नळाला पाणी आलं होतं.

आमच्या शहराबाहेरच्या माणसाला यातली गंमत कळायची नाही. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, आणि आलं की माणूस मयताला गेलेला असला तरी त्याचं अर्धं लक्ष घरच्या नळाकडे असतं. बघता बघता एक रांग उठली, मग दुसरी. गायिका गात होती आणि तिच्यासमोर पाठी दिसत होत्या. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. ते काहीच म्हणाले नाहीत, हे मी आजही शपथेवर सांगते. मलाच ते सहन झालं नाही. मी माइकवर असताना लोक उठून चालले होते, आणि मला माझ्या जिभेचा फार गर्व होता.

घरून आणलेल्या चिठ्ठ्या संपल्या होत्या. माझ्या हातात एकच उरली होती आणि ती खरी होती, पुढच्या रांगेतून आलेली. तिच्यावर लिहिलं होतं, "डावीकडचा पंखा बंद आहे." मी ती उघडली, तिच्याकडे पाहिलं आणि वाचायला लागले. शहागंजहून आलेल्या एक ताई लिहितात, उद्या सकाळी माझं ऑपरेशन आहे. पुढचं देवाच्या हाती. जाण्याआधी दोन आवाजांतलं ते गाणं एकदा कानावर पडावं, एवढीच इच्छा आहे.

दारातल्या बायका थांबल्या. कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. त्या परत येऊन बसल्या, मिळेल तिथं, दुसऱ्यांच्या जागेवर. मी मागं वळून दादाकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता, हॉलमध्ये पाहत होता, त्या ताईंना शोधत. मग तो उठला, पुढं आला आणि रुमालाची गाठ सोडली. गाठ घट्ट बसली होती, दातांनी सोडावी लागली. माझ्या मुठीत चिठ्ठी होती आणि ते गाणं होऊ न देणं अजूनही माझ्या हातात होतं. मी माइक त्याच्यासमोर सरकवला.

त्या दिवशी तो जसा गायला तसा त्याआधी कधी गायला नव्हता, हे लिहिताना मला लाज वाटते, पण ते खरं आहे. तो त्या बाईसाठी गात होता. प्रत्येक रांगेवर नजर टाकत होता, म्हणजे ती जिथं असेल तिथं तिला कळावं. शेवटच्या कडव्यात बाईची ओळ आली आणि तिच्या मधोमध आवाज तुटला. काच फुटते तसा नाही, धागा विरत जातो तसा. त्यानं तोंड उघडं ठेवलं होतं आणि त्यातून हवा येत होती. मग त्यानं दोघांच्याही ओळी पुरुषाच्या आवाजात, जवळजवळ बोलून, पुऱ्या केल्या. बायकांना वाटलं तो भरून आल्यामुळं असं गातोय. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि टाळ्या वाजवून पाणी भरायला गेल्या.

बाईचा आवाज त्यानंतर कधीच आला नाही. पुरुषाचाही जो आला तो असा की त्यात शब्दांपेक्षा वारा जास्त. नंतर ऑपरेशन झालं, ते दादाचं. ते पुण्याला झालं. त्या एका गाण्यानं आवाज गेला असं डॉक्टर कधी म्हणाले नाहीत. त्यानं गेला नाही असंही म्हणाले नाहीत, आणि मी विचारलं नाही.

दादा पुढं गुलमंडीतल्या एका कापडाच्या दुकानात लागला आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिला. गिऱ्हाइकाशी फार बोलता यायचं नाही, म्हणून तो कापड हातावर उलगडून दाखवायचा, पोत बघायला लावायचा. बायका त्याच्याकडूनच घ्यायच्या, उगाच बडबड करत नाही म्हणून. मी माइक सोडला तो कायमचा. बीएड केलं, शाळेत मराठी शिकवलं. वडिलांना दोन्ही गोष्टींचं समाधान वाटलं असावं, पण दादा बोलायला लागला की ते खोलीतून बाहेर जायचे.

आवाज गेल्याबद्दल दादा कधी कुरकुरला नाही, कारण त्याच्याकडे ती बाई होती. त्या संध्याकाळीच त्यानं माझ्याकडे चिठ्ठी मागितली होती, जपून ठेवायला. मी म्हणाले, गर्दीत कुठंतरी पडली. मग त्यानं आठ दिवसांनी शहागंजात जाऊन चौकशी केली, कुणा बाईचं ऑपरेशन झालंय का. शहागंजात रोज दहा बायकांची ऑपरेशनं होत असतील. कुणी काही सांगितलं, कुणी काही. त्यानं त्यातून आपल्यापुरतं ठरवलं की ती वाचली. लग्न झाल्यावर वहिनीला सांगितलं, मुलं झाल्यावर मुलांना. वर्षं गेली तशी गोष्ट भरत गेली. बाई तिसऱ्या रांगेत बसली होती. हिरवी साडी होती. गाणं संपल्यावर तिनं बसल्या जागेवरून हात जोडले. मी समोर बसलेली असले की तो माझ्याकडे बोट करून म्हणायचा, "विचारा हिला. हिनंच वाचली चिठ्ठी." आणि सगळे माझ्याकडे पाहायचे आणि मी मान हलवायचे. चाळीस वर्षं हलवली. दिवाळीला, बारशांना, वडिलांच्या तेराव्यालासुद्धा.

हॉलचं पुढं जे व्हायचं ते झालं. आधी तिथं पडद्यावर व्हिडिओ दाखवायला लागले. मग साड्यांचे सेल लागले, स्टेजवर पुतळे उभे राहिले. मग लग्नं. वाजवणाऱ्यांच्या जागी सीडी आली. पुढं लोकांना लॉन हवं झालं. बीड बायपासला एकामागून एक लॉन झाली, तिथं डीजेची भिंत उभी राहते आणि छातीत धडधडतं. मास्तर गेले, अकॉर्डियन कुणी घेतलं ठाऊक नाही. चाचा गेले. आता निवृत्त मंडळी दर शनिवारी कुणाच्या तरी गच्चीवर जमून मोबाइलवरच्या संगीतावर गातात. मला दोनदा बोलावलं. प्रत्येक जण स्वतःचं गाणं स्वतःच निवडतो, कुणी कुणाला फर्माईश करत नाही. मी परत गेले नाही.

मागच्या वर्षी कळलं की हॉल पाडतायत. दादा म्हणाला, जाऊन येऊ एकदा. तो सत्तरीचा, मी पासष्टीची. सकाळी दहाला गेलो. पत्रे उतरवलेले होते, वरून ऊन थेट स्टेजवर पडलं होतं. तिथल्या मुकादमानं आत येऊ दिलं, फक्त भिंतीजवळ जाऊ नका म्हणाला. दोन माणसं स्टेजच्या फळ्या पहारीनं उचकटत होती. दादा सवयीनं वाकला, फळीला हात लावला, कपाळाला नेला. मग आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो, कारण दोघांच्याही मनात एकच होतं. सगळ्या फळ्या निघाल्या. खाली खडी होती, बांगड्यांच्या काचा, पावडरचा एक गंजलेला डबा, आणि उंदरांनी कुरतडलेला कापूस. रांजण एकही नव्हता.

दादा हसायला लागला. त्याच्या हसण्याला आवाज नसतो, फक्त खांदे हलतात. तो म्हणाला, "काहीच नाय की गं खाली. लई वर्षं पाया पडलो आपण." मीही हसले. किती दिवसांनी आम्ही दोघं असे हसलो होतो. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो, मुकादम बघायला लागला.

आणि माझी चूक तिथं झाली. मला वाटलं, रांजण नव्हते हे यानं इतक्या हसत घेतलं, तर हेही घेईल. चाळीस वर्षं मी एक धोंडा उराशी धरून होते, तो कुठंतरी ठेवायला मला जागा हवी होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मी शाळेत किती पिढ्यांना वाक्यात उपयोग करून लिहायला लावलं असेल. समोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. दादा बशीत ओतून फुंकर घालत होता. मी सगळं सांगितलं. घरून लिहिलेल्या चिठ्ठ्या, नळाचं पाणी, उठलेल्या रांगा. शहागंजच्या कुणी ताई नव्हत्या हे सांगितलं. मला माफ कर म्हणाले.

तो ऐकत राहिला. बशी त्यानं हातातच धरली होती. मग त्यानं विचारलं, "चिठ्ठीत काय होतं?"

मी सांगितलं, डावीकडचा पंखा बंद आहे, एवढंच.

"मग लावला का पंखा?"

मला आठवेना. खरंच आठवेना. ज्या बाईनं ती चिठ्ठी पाठवली होती ती सगळा वेळ उकाड्यात बसली असेल, आणि चाळीस वर्षांत तिचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता.

दादानं बशी खाली ठेवली. चहा तसाच होता. तो म्हणाला, "सांगाया नको होतं, बाई. माझ्याकडं तेवढी एकच होती."

मग तो उठून घरी गेला. मी मागून हाक मारली, पण रस्त्यावर गोंगाट होता. त्याला ऐकू आली नसेल, किंवा आली असेल. त्याला उलट हाक मारता येत नाही, त्यामुळं या गोष्टी आमच्यात नेहमी अर्धवटच राहतात.

दादा दर गुरुवारी माझ्याकडे यायचा, ते त्यानंतर थांबलं. मी फोन केला की वहिनी उचलायची आणि म्हणायची, झोपलेत. वहिनीला काही ठाऊक नव्हतं. ती मला विचारायची की हल्ली हे असे का बसून असतात. मी म्हणायचे, वय झालं. चार महिने मी रोज सकाळी उठल्यावर पहिलं हेच मनात आणायचे की मी त्याच्याकडून दोनदा नेलं. पहिल्या वेळी आवाज नेला. दुसऱ्या वेळी त्या आवाजाचं जे मोल त्यानं मनाशी धरलं होतं ते नेलं, आणि तेही स्वतःला हलकं वाटावं म्हणून. हलकं काही वाटलं नाही.

भाऊबीजेला मी गेले. न जाऊन कसं चालेल. त्यानं ओवाळून घेतलं, पाटावर सरळ बसला, नजर दिव्यावर. फराळाला सगळे बसलो. त्याची नात, नऊ वर्षांची, फार चुणचुणीत, तिनं माझा हात धरला आणि म्हणाली की आत्याआजी आली, आता आबांनी हिरव्या साडीवालीची गोष्ट सांगायची. दर वर्षीचं होतं ते. सगळे हसून सावरून बसले. वहिनीनं टीव्ही बंद केला.

दादा म्हणाला, "तशी बाई कोणी नव्हती, माय."

पोरीला वाटलं आबा थट्टा करतायत. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली नाही. तिनं परत त्याच्याकडे पाहिलं आणि जरा रागावून विचारलं, "मग आबा, तुम्ही गाणं कुणासाठी म्हणलं?"

दादानं हातातली करंजी ताटात ठेवली. बोटं पुसली. दुकानात गिऱ्हाइकाला ताग्याकडे हात करून दाखवायचा तसा त्यानं माझ्याकडे हात केला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, माया होती असंही मी म्हणणार नाही.

"हिच्यासाठी," तो म्हणाला. "हिनं म्हणाय लावलं."

पोर माझ्याकडे वळली. आता मी पुढचं सांगेन असं तिला वाटलं असणार. घरात बोलणारी म्हणून मीच ओळखली जाते. सगळेच माझ्याकडे पाहत होते, वहिनीसुद्धा, आणि मला एक शब्द बोलता आला नाही.